एकाच वाडग्यातला चहा

बदलापूरला थंडी पडते असं सांगितलं की मुंबईतले नातेवाईक हसतात. हसू देत. त्यांनी एकदा डिसेंबरात पहाटे येऊन आमच्या बाल्कनीत उभं राहून दाखवावं. नदीकडून धुकं येतं, समोरच्या इमारतीचे वरचे मजले गायब होतात, आणि दूधवाला कानटोपीच्या आतून जे काय बोलतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

यंदा थंडी जरा उशिरा आली, पण आली. मी माळ्यावरून स्वेटरांची बॅग काढली, डांबरगोळ्यांच्या वासाने चारदोन शिंका दिल्या, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी लेक प्रज्ञा म्हणाली, "आई, तो पांढरा वाडगा मी नेऊ का गं?"

प्रज्ञा नव्या वर्षात हैदराबादला नोकरीला चालली आहे. तिथे तिला स्वतःची खोली मिळाली आहे, आणि त्या खोलीत तिला रोज सकाळी हिरवा जपानी चहा प्यायचा आहे. तिच्या पिढीला या माचाचं वेडच लागलंय. स्टेशनजवळ एक नवं दुकान निघालंय तिथे तिने मला परवा नेलं होतं. काउंटरवरच्या मुलाने आमची नावं विचारली आणि कागदी कपांवर मार्करने लिहिली. प्रज्ञाने आपल्या नावाच्या कपाचा फोटो काढला. मी माझ्या नावाच्या कपाकडे बघत बसले. नावाचं भांडं म्हटलं की मला बाबांचा पेला आठवतो, आणि पेला आठवला की चामटोलीचा तो हिवाळा.

वाडग्याबद्दल मी तिला लगेच हो म्हटलं नाही. बघू, म्हटलं. आयांना हा शब्द फार उपयोगी पडतो.

तो वाडगा दिसायला तसा काही खास नाही. दोन्ही पंजे भरून येईल एवढा, कान नसलेला, कडा एका बाजूला थोडी खाली उतरलेली. झिलई पेजेसारखी पांढरी आणि एका ठिकाणी अंगठा बसेल असा खळगा. तळाची बैठक उघडी आहे, तिथे माती मातीच्याच रंगाची दिसते. आमच्या मांडणीत तो स्टीलच्या ताटांशेजारी असतो. नवीन माणूस घरी आलं की हमखास विचारतं, हा वाकडा का?

वाकडा नाही तो. बाबांनी केलेला आहे.

तेव्हा सोनिवलीकडे एवढे टॉवर नव्हते. चामटोलीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं, त्यातली खुंटं दवाने ओली, आणि खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या. त्या रस्त्यावर वसुधाताईंची पत्र्याची शेड होती. वसुधाताई जपानात काही वर्षं राहून मातीकाम शिकून आल्या होत्या. चहाचे वाडगे करायला शिकल्या होत्या, असं म्हटलं पाहिजे, कारण तिकडे ती एक वेगळीच विद्या आहे. मी उल्हासनगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. पाचवी ते दहावीच्या मुलांकडून वर्षानुवर्षं तोच डोंगर, तोच सूर्य आणि तीच झोपडी काढून घेऊन मला कंटाळा आला होता. म्हणून रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले.

त्याच वर्षी आई गेली. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यावर ते खुर्चीत बसले ते बसलेच. टीव्ही चालू असायचा, पण बातम्या काय झाल्या विचारलं तर सांगता यायचं नाही. मी एका रविवारी म्हटलं, चला माझ्याबरोबर, ऊन खाऊन येऊ. ते निघाले. मफलर गुंडाळला, चपला घातल्या, आणि कापडी पिशवीत पेला टाकला.

या पेल्याबद्दल सांगायला हवं. स्टीलचा, झाकणाचा, वर बाबांचं नाव ठोकून घेतलेला. बाबा जिथे जातील तिथे तो जायचा. कारखान्यात, लग्नकार्यात, शेजारच्या घरी सत्यनारायणाला बोलावलं तरी. चहा आला की बाबा पिशवीतून पेला काढायचे आणि "यात ओता" म्हणायचे. कारखान्यातले लोक त्यांना चिडवत, हा बघा आमच्यातला सोवळा माणूस, दुसऱ्याच्या कपाला तोंड लावत नाही! बाबा हसायचे. त्यांचं ते हसणं मला लहानपणी आवडायचं. पुढे आईने एकदाच, भाजी निवडता निवडता, त्याचा उलगडा केला. बाबांच्या गावी चहाच्या टपरीवर आपल्या लोकांचे कप बाहेर, भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेले असायचे. आपणच घ्यायचे, वरून ओतलेला चहा झेलायचा, आपणच विसळून परत ठेवायचे. त्यातला एक कान तुटलेला कप बाबांच्या वडिलांचा होता. गाव सुटलं, दीक्षा झाली, नोकरी लागली, घर झालं. पण कुणी वेगळा कप काढायच्या आत आपला आपण काढावा, हे बाबांच्या हाताने ठरवूनच टाकलं होतं.

शेडवर पहिल्याच दिवशी बाबांनी वसुधाताईंना आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. आपल्याकडे आडनावात जे काय कळायचं ते कळून जातं.

शेडवरचा चहा म्हणजे आपलाच, आलं आणि गवती चहा घातलेला, दूध उकळून उकळून गुलाबी झालेला. तो करायच्या सोनूबाई. वरच्या ठाकूरवाडीतून त्या पेंढा आणि सरपण घेऊन यायच्या आणि मग दिवसभर तिथेच रमायच्या. कप नव्हतेच. फळीवर वाडगे पालथे घातलेले असायचे, ज्याच्या हाताला जो येईल तो त्याने उचलायचा. आज माझ्या हातात असलेला उद्या सोनूबाईंच्या हातात. बाबा आपले पेला पुढे करायचे. सोनूबाई त्यात ओतायच्या.

त्या हिवाळ्याचा वास माझ्या नाकात अजून आहे. पत्र्याच्या पिंपात पेंढा जळत असायचा. त्याची राख चाळून, पाण्यात धुऊन, पुन्हा चाळून झिलईत घालायची. भाताच्या पेंढ्याच्या राखेने झिलई दुधाळ पांढरी होते, आणि जपानातले कुंभारही हेच करत आले, असं वसुधाताईंनी सांगितलं तेव्हा सोनूबाईंना फार गंमत वाटली. "म्हंजी तिथं पण भातच खातात ना?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांचं जपानबद्दलचं मत एकदम चांगलं झालं.

बाबा आधी खुर्चीवर बसून नुसते बघायचे. मग एक दिवस खुर्ची पुढे ओढली. मग मातीचा गोळा हातात घेतला. वसुधाताई चाकावर करत, पण एका जुन्या पद्धतीत चाक नाहीच, हातानेच थापून, चिमटून, मग सुरीने खरवडून वाडगा घडवायचा. ती पद्धत ज्याने सुरू केली तो मुळात कौलं करणारा होता म्हणे. पुढे त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या हेच काम चाललं, आणि आजोबांनी साठवलेली माती नातू वापरतो. बाबांना हे फार पटलं. कौलं करणाऱ्याला चहाचे वाडगे करायला सांगितले आणि त्याने केले, म्हणजे फिटरलाही जमायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

जमायला वेळ लागला. पहिले वाडगे इतके जाड झाले की सोनूबाई म्हणाल्या, "बाबा, हा उखळ बरा व्हईल." बाबा मनापासून हसले. आई गेल्यानंतर मी ते हसणं पहिल्यांदाच ऐकलं. घरी येताना रिक्षात ते बोलायला लागले, माती सुकताना कशी आक्रसते, तळ जाड राहिला तर कसा तडकतो. टीव्ही बंद राहू लागला.

वसुधाताई काम करता करता तिकडच्या गोष्टी सांगत. तिथे वाडग्याला पुढची बाजू असते. यजमान ती बाजू पाहुण्याकडे करून देतो, आणि पाहुणा वाडगा थोडा फिरवून घेतो, म्हणजे त्या देखण्या बाजूला आपले ओठ लागू नयेत. चांगल्या वाडग्याला नाव ठेवतात, जसं माणसाला ठेवतात. आणि चहाच्या खोलीचं दार इतकं बुटकं असतं की रांगतच आत जावं लागतं. सरदार असो की व्यापारी, तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर यायचं. आत सगळे सारखे.

बाबा सुरीने तळ खरवडत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "आणि बाहेर आल्यावर?"

वसुधाताईंनी चाक थांबवलं.

"नाही, आत वाकतात ते ठीक. बाहेर आल्यावर परत ताठच ना? तिकडेही असतीलच की आमच्यासारखे."

"आहेत, काका," त्या म्हणाल्या. "त्यांना दारापर्यंतही कुणी बोलावत नव्हतं."

बाबांनी मान डोलावली. हे उत्तर त्यांना आवडलं, कारण ते खरं होतं. मला वाटतं त्या दिवसापासून ते वसुधाताईंशी आडनाव बाजूला ठेवून बोलू लागले.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले किशनभाई अधूनमधून स्कूटरवरून यायचे. त्यांचं क्रॉकरीचं दुकान होतं, आणि भट्टीचा बर्नर आणि विटा त्यांनीच कुठून कुठून जमवून दिल्या होत्या. त्यांना या सगळ्या प्रकाराचं एकच कोडं होतं. "ताई, एवढी मेहनत कशाला? तुम्ही फक्त बोला. हजार पीस काढून देतो, सगळे सेम टू सेम. वाकडे पाहिजे तर सगळे सेम वाकडे. खाली जपानी अक्षरात ठप्पा पण मारून देतो, कोण बघतो?" वसुधाताई म्हणायच्या, "जपानी लोक आधी तेच बघतात, किशनभाई. वाडगा उलटा करून बूड बघतात." किशनभाई कपाळाला हात लावायचे आणि डब्यातले दाल पकवान पुढे सरकवायचे.

आणि मग एका रविवारी ते घडलं. घडलं म्हणजे काय, तर बाबांचे दोन्ही हात मातीने भरले होते, पेला पिशवीत होता, आणि चहा तयार झाला. बाबा हात धुवायला उठत होते. सोनूबाईंनी फळीवरचा एक वाडगा भरला आणि सरळ त्यांच्या मातकट हातांत दिला. "घ्या ना बाबा, निवतंय ते." मग त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि प्यायले. मी पाठ करून उभी राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बाबांना ते चाललं नसतं.

पुढच्या रविवारी ते मफलर गुंडाळून, चपला घालून दारात उभे राहिले. हात मोकळे होते. पेला मांडणीवर होता. मी चपला घातल्या. अशा वेळी बोललं की बिघडतं.

तो मार्गशीर्ष मी कधी विसरणार नाही. सकाळी हात गारठलेले, माती बर्फासारखी, आणि चहाचे वाडगे हातातून हातात. कानच नसल्यामुळे दोन्ही हातांनी धरावे लागायचे आणि आधी तळवे गरम व्हायचे, मग घसा. बाबा कुठलाही वाडगा उचलायचे. माझा उरलेला चहा माझ्याच वाडग्यातून संपवायचे. मला वाटलं, झालं, सुटले बाबा.

वसुधाताईंकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात कापडात गुंडाळलेला एक काळा वाडगा होता, त्यांच्या जपानी गुरुजींच्या हातचा. तो आम्ही फक्त लांबून बघितला होता. एका रविवारी त्यांनी ती पेटी उघडली, वाडगा धुतला, चहा भरला आणि बाबांसमोर ठेवला. चेहरा आनंदाने फुललेला. त्या म्हणाल्या, "काका, तुमचा हात बघून गुरुजींची आठवण येते. आजपासून हा फक्त तुमचा. वेगळा ठेवत जाईन मी, इथे दाराजवळच्या कोनाड्यात. यात दुसरं कुणीच पिणार नाही."

त्यांच्याकडे असलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्या देत होत्या. मला ते दिसत होतं. आणि प्रत्येक शब्द बाबांच्या अंगावर कसा पडतोय तेही दिसत होतं. वेगळा. कोनाडा. दुसरं कुणीच नाही.

बाबांचा हात पुढे आला होता, तो मागे गेला. "आज पोट बरं नाही," ते म्हणाले. वाडग्यातला चहा वर साय धरून निवत राहिला. रिक्षात ते बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मांडणीवरचा पेला घेतला, घासला, पुसला आणि पिशवीत टाकला. टीव्ही लागला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी समजावायला गेले. म्हटलं, बाबा, तो मान होता. त्यांच्या घरी सगळ्यात मौल्यवान वस्तू ती आहे.

"मला काय कळत नाही होय?" बाबा म्हणाले. "कळतं. डोक्याला सगळं कळतं गं. हाताला कळत नाही. हात मागे आला त्याला मी काय करू?"

मी शेडवर एकटी गेले. फळीवर बाबांचे वाडगे सुकत होते, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा हलका, नीट उतरलेला, अंगठ्याच्या खळग्याचा. वसुधाताईंनी विचारलं, काकांची तब्येत कशी आहे? मग मी सांगितलं. पेला, टपरी, कोनाडा, सगळं. सांगताना मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली.

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मी काय बोलले ते मलाच आता ऐकू येतंय." त्यांना तसंच आमच्या घरी यायचं होतं. मी नको म्हटलं. माफी मागितली असती तर बाबांनी दिली असती, वर चहाही पाजला असता, आणि शेडवर पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. बाबांना मी ओळखत होते. मला बाबांची माफी नको होती, मला ते खुर्चीतून उठायला हवे होते. दुसरं काही नको होतं.

भट्टी लागली. बाबांचे वाडगे झिलई देऊन आत मीच लावले. आच आतल्या आत निवेपर्यंत वाट बघायची होती, आणि ज्या दिवशी भट्टी उघडणार त्या सकाळी बाबा मफलर गुंडाळून दारात उभे. "माल भट्टीतून निघणार आणि माणूस घरी, असं मी उभ्या नोकरीत केलं नाही," ते म्हणाले. माझा आनंद फार टिकला नाही. हातात पिशवी होती आणि पिशवीत पेला.

शेडच्या बाहेर सोनूबाईंनी पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. किशनभाई आले होते. "जय भीम, काका! किती दिवस झाले!" बाबांनी "जय भीम" म्हटलं आणि भट्टीजवळ जाऊन उभे राहिले. वसुधाताईंकडे त्यांनी बघितलं, मान हलवली. त्यांनीही हलवली. कोनाडा रिकामा होता. पेटी कुठे दिसत नव्हती.

भट्टीच्या तोंडाच्या विटा एकेक करून निघाल्या. आतून गरम वाफ आली. काही वाडगे तडकले होते, एकाची झिलई ओघळून खालच्या विटेला चिकटली होती. आणि बाबांचा तो अंगठ्याचा वाडगा पांढराशुभ्र, अखंड बाहेर आला. बाबांनी तो उलटा केला, बूड बघितलं, बोटाने टिचकी मारली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण वाडगा खालीही ठेवला नाही.

सोनूबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "नव्या भांड्याला आधी पेज दाखवायची," त्या म्हणाल्या आणि पेजेच्या पातेल्यात बुडवून मंद विस्तवावर ठेवून दिला. वसुधाताई म्हणाल्या, जपानातही हेच करतात, भाताच्या पाण्याने मातीची भोकं बुजतात. सोनूबाईंनी अर्थातच अशा चेहऱ्याने बघितलं, की यात सांगण्यासारखं काय?

पोपटी खाऊन झाली. शेंगांची सालं, राखेने काळी झालेली बोटं, पाठीवर ऊन. तेव्हा वसुधाताईंनी चटई अंथरली, हिरव्या चहाची छोटी डबी आणि बांबूची बारीक रवी आणली, आणि तो पेजेतून निघालेला वाडगा कोरडा करून समोर घेतला. बाबांनी सवयीने पिशवीतून पेला काढून गुडघ्याशी ठेवला.

"काका," त्या म्हणाल्या, "तिकडे दोन तऱ्हेचा चहा असतो. पातळ चहा ज्याचा त्याच्या वाडग्यात. दाट चहा मात्र सगळ्यांना मिळून एकाच वाडग्यात. जो मुख्य पाहुणा असेल त्याने आधी प्यायचं, मग तोच वाडगा पुढच्याला द्यायचा. आज मुख्य पाहुणे तुम्ही. वाडगा तुमचा आहे."

बाबांनी विचारलं, "तोच? धुऊन?"

"नाही. धुवायचा नाही. कडा तेवढी पुसायची."

"म्हणजे मी प्यायलेला?"

"हो."

"माझ्यानंतर कोण?"

"मी," वसुधाताई म्हणाल्या.

आयुष्यभर बाबांना लोकांनी आपल्या घरी चहा दिला होता, चांगल्या कपात, आग्रह करून. शहरात ते कठीण नसतं. बाबांनी दिलेलं भांडं, त्यांचे ओठ लागलेलं, कुणी आपल्या ओठांना लावायचं, हे मात्र कुणी करून दाखवलं नव्हतं. करायची वेळच बाबांनी कुणावर आणली नव्हती. पेला होता ना.

चहा बेसन कालवावं तसा दाट होता. रवी फिरत होती. वसुधाताईंनी वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. बाबांनी घेतला. थोडा फिरवला. पेल्याकडे एकदा बघितलं, आणि प्यायले. तोंड वेडंवाकडं झालं, कारण तो चहा खरोखरच कडू असतो. त्यांनी मफलरचं टोक घेतलं आणि कडा पुसू लागले, पुसतच राहिले, एवढी पुसली की वसुधाताईंना "बास, काका" म्हणावं लागलं. मग त्यांनी वाडगा दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकं निरखून मी बाबांना कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

वसुधाताईंनी वाडगा फिरवला नाही. बाबांचे ओठ जिथे लागले होते तिथेच ओठ लावून त्या प्यायल्या, सावकाश, आणि वाडगा सोनूबाईंना दिला. सोनूबाईंनी घोट घेतला आणि ओरडल्या, "अगं आई गं, कडुलिंब हाय यो!" किशनभाई प्यायले, त्यांनी डोळे मिटले आणि अतिशय गंभीरपणे सांगितलं, "ताई, थोडी इलायची, थोडी शक्कर, मग बघा चालतो की नाही." मग मी. तळाशी थोडाच उरला होता, गरम होता, कडू होता, आणि त्यात आमच्या सगळ्यांच्या तोंडचा पोपटीचा धुरकट वास होता.

रिकामा वाडगा फिरून बाबांकडे आला. त्यांनी तो मांडीवर घेतला. बराच वेळ अंगठा त्या खळग्यात ठेवून बसले.

"नाव ठेवतात ना याला?" त्यांनी विचारलं.

"ठेवतात," वसुधाताई म्हणाल्या. "ज्याने केला त्याने ठेवलं तर उत्तमच."

बाबा म्हणाले, "पंगत."

बाबांच्या गावात पंगती उठायच्या तेव्हा ते कुठे उभे असायचे, हे मला माहीत होतं. वसुधाताईंनाही बहुतेक कळलं असावं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि धूर लागला असं सांगितलं, जाळ तर केव्हाच विझला होता.

पेला त्या दिवशी पिशवीतून घरी आला तो पुन्हा कुठे गेला नाही. बाबा त्याने बाल्कनीतल्या मोगऱ्याला पाणी घालू लागले. आता बाबा नाहीत, पाणी मी घालते. चामटोलीची शेड गेली, तिथे आता एक सोसायटी उभी आहे. वसुधाताई सावंतवाडीकडे असतात, सोनूबाईंची सून बाजारात भेटते आणि वालाच्या शेंगा मापापेक्षा जास्त टाकते. बाबांनी पुढे बरेच वाडगे केले, वाटून टाकले. पंगत तेवढा राहिला. त्याच्या झिलईला बारीक चिरा पडल्यात, त्यांत चहा मुरून त्या तांबूस झाल्यात. वसुधाताई म्हणायच्या, वाडगा घडवणारा अर्धाच घडवतो, बाकीचा पिणारे घडवतात.

काल रात्रीच्या जेवणाआधी प्रज्ञाने पुन्हा विचारलं. तोपर्यंत तिच्या बॅगा भरून होत आल्या होत्या. ती तेव्हा लहान होती, आजोबांचा पेला तिला फक्त मोगऱ्याचा पेला म्हणून माहीत होता, आणि ते तसंच राहिलं असतं तर मला आवडलं असतं. पण वाडग्याचं तिला कळायला हवं होतं. म्हणून मी तिला बसवून हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. ती ऐकत राहिली. मग उठली, मांडणीवरून पंगत काढला, गवती चहा टाकून चहा केला आणि त्यातच ओतून आणला. आधी मला दिला, मग स्वतः प्यायली. मी बाबांचा मफलर काढला आणि वाडगा त्यात गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

"खरंच नेऊ?" ती म्हणाली. "तुझ्याकडे काही राहणार नाही मग."

"ने," मी म्हटलं. "पण यात एकटीने पिऊ नकोस."